महिन्याच्या मधले दहा दिवस

रविवारी साडेदहाच्या तासाला ती भिंतीकडचा बाक धरायची. पुढे जागा रिकामी असली तरी तिकडेच. दोन-तीन रविवारांनी उलगडा झाला: डोकं टेकायला भिंत हवी असायची. फळ्यावर घसाऱ्याची नोंद लिहून मी वळावं तर हिची मान कललेली, पेन बोटांत तसंच अडकलेलं. शेजारची मुलगी कोपराने ढोसायची, मग ही दचकून सरळ व्हायची आणि फळ्यावर जे काही असेल ते घाईघाईने उतरवून घ्यायची.

नागपुरातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.कॉम.ला हिशेबशास्त्र शिकवतो. कागदोपत्री माझं पद समुपदेशकाचं. समोर बसणारे निम्म्याहून जास्त नोकरीवाले: कोणी औषधाच्या दुकानात, कोणी पेट्रोल पंपावर, एक जण तर इतवारीत दिवाणजी आहे आणि वयाने माझ्याहून मोठा. त्या सगळ्यांतून हिचंच प्रकरण लिहायला घेतलं, कारण तिला मी दिलेला पहिला सल्ला साफ आपटला आणि नंतर जे जमलं ते तिचं तिनेच शोधलं. तिचं, कंपनीचं, आधीच्या कॉलेजचं, कुणाचंच नाव देत नाही. ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिने एकच दुरुस्ती केली. ती त्या जागी सांगतो.

आधीचं एक वर्ष

घर पारडीला. वडील कळमना मार्केटात हमाली करायचे. पाठ गेली तसे घरी बसले. आई एका खानावळीत पोळ्या लाटते. धाकटा भाऊ शाळेत. बारावीनंतर 2021 मध्ये हिने एका कॉलेजात बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि दोनच महिन्यांत हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला लागली. आलेला माल मोजायचा, चलनाशी ताडायचा, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, टाकायचा, बिन कार्डावर आवक-जावक चढवायची. आठवड्याचे सहा दिवस, नऊ ते साडेपाच, मध्ये जेवणाचा अर्धा तास. पीएफ वगैरे कापून हातात साडेअकरा हजार.

सुरुवातीचे महिने दोन्ही डगरींवर पाय ठेवता आला, कारण कोविडमुळे वर्ग मोबाइलवर होते. एका कानात इअरफोन, समोर गेटवरून आलेली बेअरिंगची पेटी. "हजेरी लागून राहिली होती सर, म्हणून मला वाटलं शिक्षण चालू आहे," असं ती नंतर म्हणाली. 2022 च्या सुरुवातीला वर्ग पुन्हा खोल्यांत भरायला लागले. कॉलेज सकाळी साडेसातचं आणि कारखान्यात कार्ड पंच करायचं नऊला, तेही शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिला तास करून पळायचा प्रयोग तिने आठवडाभर केला. तीन लेट मार्क झाले, अर्ध्या दिवसाचा पगार गेला. हजेरी नाही, अंतर्गत गुण नाहीत, परीक्षेचा फॉर्म भरायचाच राहिला. वर्ष गेलं.

तेव्हा बऱ्याच जणांनी तिला सांगितलं की अमुक कॉलेजात नाव टाक, हजेरीचं बघून घेतात, फक्त पेपरला जा. अशी सोय शोधणारे माझ्याकडेही येतात. माझं मत विचाराल तर ज्याला कागदच हवा आहे त्याने तसं करावं. हिला हिशेब यायला हवा होता, कारण स्टोअरच्या काचेपलीकडे अकाउंट्सचं केबिन होतं, तिथे एसी होता, आणि तिथे बसायला बी.कॉम. लागत होतं.

जुलै 2022 मध्ये तिने इग्नूत नाव घातलं. पुस्तकं हिंदीत, टॅली इंग्रजीत, डोक्यातला विचार मराठीत. नागपूरकराला याचं काही वाटत नाही.

कागदावर बसणारं गणित

मुक्त विद्यापीठ म्हटलं की लोकांना वाटतं अभ्यास कमी. तसं नसतं. इग्नूत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचा अभ्यास. वाचन, असाइनमेंट, तासाला बसणं, सगळं त्यात धरून. तिच्या बी.कॉम.ला 132 क्रेडिट. तीन वर्षांत संपवायचे तर वर्षाला 44, म्हणजे 1320 तास, म्हणजे आठवड्याला पंचवीस तास आणि वर थोडे.

ऑगस्टमध्ये तिने विचारलं, "सर, होईल का हे?" मी शिक्षक, लगेच पेन काढलं. आठवड्याचे तास 168. नोकरी 48. पारडीहून बसने बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, तिथल्या मोर भवन बसस्थानकाहून दुसरी बस हिंगण्याकडे, पुढे चालत. एका बाजूचा दीड तास, म्हणजे सहा दिवसांचे 18. अभ्यास 25. झाले 91. झोप रोज सात तास, म्हणजे 49. बेरीज 140. उरले 28, दिवसाला चार तास. आंघोळ, जेवण, कपडे, आईला थोडी मदत.

तिची दुरुस्ती इथे आहे. हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मदत नाही सर. स्वयंपाक माझाच होता. आई खानावळीतून दहाला येते."

तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. गणित कागदावर बसलं होतं ना! मी तिला ठणकावून सांगितलं की पहाटे चारला उठ. माझ्या पिढीच्या शिक्षकांकडे नोकरदार विद्यार्थ्यासाठी ही एकच पुडी असते. आम्हाला ती आमच्या शिक्षकांनी दिली होती आणि त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं हे आम्हीही कधी विचारलं नाही.

सप्टेंबर ते नोव्हेंबर ती चारला उठली. रात्री साडेअकराला आडवी व्हायची. पहाटे पुस्तक उघडून बसायची, साडेपाचला कणीक मळायला घ्यायची, सात-सव्वासातला घर सोडायची. "वाचून राहिली होती सर, पण त्याच पानावर," असं तिचं वर्णन. रविवारच्या तासाला भिंत का लागायची ते आता सांगायला नको.

नोव्हेंबरात एक प्रकार घडला. ऑइल सीलच्या चलनावर 60 नग होते. हिने टॅलीत 600 चढवले. एका शून्याने काय होतं? स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूची एक किमान पातळी ठरलेली असते. शिल्लक त्याखाली गेली की खरेदीला इशारा जातो. इथे संगणक म्हणत होता की माल भरपूर आहे, त्यामुळे इशारा गेलाच नाही. दोन आठवड्यांनी असेंब्लीवाले सील मागायला आले तर रॅक रिकामा. लाइन अर्धी पाळी उभी राहिली. स्टोअर इन्चार्जने लेखी मेमो दिला. तो तिने मला दाखवला नाही, वहीतून खाली पडला म्हणून दिसला.

डिसेंबरच्या परीक्षेला तीन पेपर द्यायचे ठरले होते. दोनच दिले. पर्यावरणाचा, चार क्रेडिटचा, तेवढा निघाला. वित्तीय लेखांकनाचा, माझ्याच विषयाचा, गेला. 1320 तासांच्या त्या सुबक गणितातून सहा महिन्यांत निघाले काय, तर चार क्रेडिट.

कालनिर्णयाच्या पानावर

जानेवारी 2023 मध्ये ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली, आणि तासानंतर थांबली. "सर, मी एक पाहून राहिली आहे." पिशवीतून घरच्या कालनिर्णयाचं पान काढलं. दुधाचा हिशेब लिहितात तिथे, तारखांच्या चौकटीत, निळ्या पेनाच्या बारीक रेघा होत्या. अर्धा तास वाचलं आणि ते कळलं, तर एक रेघ. नुसतं पुस्तक उघडं होतं, तर काही नाही. पुढे फेब्रुवारीचंही पान तिने असंच भरलं.

दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि मी थोडा गप्प झालो. रेघा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नव्हत्या. महिन्याच्या 15 ते 24 तारखांत दाटी होती. त्याच्या अलीकडे-पलीकडे जवळपास कोरं.

कारण तिला माहीत होतं, मला नव्हतं. कारखान्यात महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस डिस्पॅचचे. विक्रीचं टार्गेट गाठायला गाड्या रात्रीपर्यंत भरल्या जातात, स्टोअरला साडेपाचला सुट्टी मिळत नाही. एक ते पाच तारीख शिल्लक मालाचं विवरण. मग अकाउंट्सची धांदल: 11 तारखेला विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, जीएसटीआर-1, भरायचं, म्हणून डिस्पॅचची प्रत्येक पावती हवी. 14 ला पोर्टलवर जीएसटीआर-2बी निघतं; पुरवठादारांनी दाखवलेली बिलं त्यात असतात, ती आपल्या जीआरएनशी जुळवून घ्यायची, कारण 20 ला 3बी, म्हणजे कर भरायचं विवरणपत्र, भरताना करातली वजावट त्यावरच घ्यायची असते. जुळलं नाही की फोन स्टोअरला. एकदा 14-15 उलटली की काचेपलीकडच्या केबिनचा स्टोअरशी संबंध संपतो. तिथून 24 पर्यंत माणूस माणसासारखा घरी येतो, साडेपाचला सुटून, डोकं शाबूत ठेवून.

मी जीएसटीच्या तारखा वर्गात शिकवतो. त्या तारखा कुणाच्या तरी झोपेच्या तारखा असतात हे त्या दिवशी कळलं.

माझ्या गणितात प्रत्येक तास सारख्या किमतीचा होता. हिशेबाच्या माणसाने करू नये अशीच ही चूक. 28 तारखेच्या रात्रीचा तास आणि 18 तारखेच्या रात्रीचा तास एकाच भावाने धरायचे म्हणजे गंजलेलं आणि कोरं बेअरिंग एकाच रॅकवर ठेवण्यासारखं आहे. (उपमा तिची आहे. मी उचलली.)

मग आम्ही नव्याने बसलो. मधले दहा दिवस: रात्री साडेनऊ ते साडेअकरा, रोज दोन तास, नवीन धडे फक्त तेव्हाच. झाले 20. बाकीच्या वीस दिवसांत घरी पुस्तक उघडायचंच नाही. उघडलं नाही म्हणून मनाला खायचंही नाही. ही अट तिला सगळ्यात जड गेली. रविवारी तास धरून तीन-तीन तास, महिन्याचे 12. आणि मेट्रो.

प्रजापती नगर ते लोकमान्य नगर

मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते सीताबर्डी 2020 च्या जानेवारीत सुरू झाली होती, पण तिला तिचा उपयोग नव्हता. 11 डिसेंबर 2022 ला बर्डीच्या पुढचा, पूर्वेकडे प्रजापती नगरपर्यंतचा तुकडा सुरू झाला आणि दोन बसांची एक गाडी झाली. घरून सायकलने प्रजापती नगर, तिथून थेट लोकमान्य नगर, पुढे शेअर ऑटो.

वेळ वाचला तो वाचलाच. माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळी आहे. ही एका टोकाला चढते आणि दुसऱ्या टोकाला उतरते, संध्याकाळी उलट. दोन्ही वेळा गाडी रिकामी सुटते, म्हणजे बसायला जागा नक्की. बर्डीला गर्दी आत घुसते तेव्हा ही खिडकीशी बसलेली असते. हीच मुलगी शंकर नगरला राहत असती तर तिला उभ्याने जावं लागलं असतं आणि मग हे सगळं गणित वेगळं झालं असतं. सल्ले देणाऱ्यांनी हे विचारात घ्यावं: "प्रवासात वाचत जा" हे वाक्य कोणत्या स्टेशनावर चढणाऱ्याला सांगतोय?

गाडीत पुस्तक उघडायचं नाही असं तिने स्वतःच ठरवलं. पुस्तक उघडलं की डोळा लागतो. तिने स्टोअरची जुनी बिन कार्डं आणली, रद्दीत जाणारी. जाडसर पिवळट पुठ्ठा, पुढच्या बाजूला तारीख, आवक, जावक, शिल्लक असे रकाने, भरून झालेले. मागची बाजू कोरी. तिथे एका कार्डावर एकच गोष्ट: एक सूत्र, एक व्याख्या, एका नोंदीचा नमुना. सकाळी दहा कार्डं. चितार ओळ येईपर्यंत पहिली चार मनातल्या मनात म्हणून व्हायला हवीत, झाशी राणी चौकापर्यंत पुढची चार. उरलेली दोन अवघड, ती धरमपेठच्या पुढे. येताना तीच दहा उलट क्रमाने. कामाच्या दिवसाला धरून चाला एक तास, महिन्याचे 26.

वीस, बारा आणि सव्वीस, अठ्ठावन्न तास. वर्षाचे 696. हे 1320 च्या जवळपासही नाहीत. पण इग्नू तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पुरा करू देतं. सहा वर्षांत 132 म्हणजे वर्षाला 22 क्रेडिट, 660 तास. 696 मध्ये 660 बसतात.

"म्हणजे सहा वर्षं?" तिने विचारलं.

"सहा."

ती काही बोलली नाही. तिच्याबरोबर बारावी झालेल्या मैत्रिणी दुसऱ्या वर्षाला होत्या.

इन्चार्जला सांगणं

मेमो मिळालेल्या माणसाने सुट्टी मागायची म्हणजे अवघडच. त्याआधी ती पेपरच्या आदल्या रात्री पोट दुखल्याचा मेसेज टाकायची. सुट्ट्याही अशाच वाया जायच्या, एखादी इकडे, एखादी तिकडे, थकून झोपायला.

तेव्हा लागू होता कारखाना अधिनियम, 1948 चा. वर्षात 240 दिवस काम भरलं की पुढच्या वर्षी प्रत्येक 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा मिळायची. तिचे 285 च्या आसपास दिवस भरले होते, म्हणजे 14 रजा. अर्ज पंधरा दिवस आधी लेखी द्यायचा, हेही त्या कायद्यातच होतं. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. पगारपत्रकावर रजेचा रकाना होता, तो ती वाचत नव्हती. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला. दर वेळी दोन-तीन पेपर, एका पेपरमागे आदला दिवस आणि पेपरचा दिवस. वर्षाचे बारा दिवस. उरल्या दोन.

तिने डेटशीट आणि कालनिर्णय घेऊन इन्चार्जला गाठलं, 17 तारखेला, जेवणानंतर. तारीख आणि वेळ मुद्दाम निवडलेली. तो म्हणाला, "काहून? इथे शाळा आहे का?" तिने उत्तर पाठ करून ठेवलं होतं: "वर्षात हे बारा दिवस, सर. बाकी एक नागा नाही. मार्च एंडच्या स्टॉक टेकिंगला दोन रविवार येईन." तो म्हणाला, "लिहून दे." तिने लिहून दिलं. त्याने तो कागद नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात टाचणीने लावला. बाकीच्यांनाही वाचता येईल असा. तिला आधी ते अपमानाचं वाटलं, पण पुढे त्याच कागदाचा आधार झाला, डिस्पॅचवाला स्वतःच विचारायला लागला, "तुझा पेपर कवा आहे? त्या दिवशी गाडी नाही लावत."

हा माणूस देव नव्हता. जून 2024 ला त्याने एक रजा ऐन वेळी रद्द केली, तातडीचा माल होता म्हणून, आणि सहा क्रेडिटचा पेपर गेला. त्याबद्दल ती अजून चिडून आहे. मीही.

एक प्रश्न त्याने विचारला होता तो मात्र रास्त होता: "ही डिग्री चालते का?" चालते. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांत आहे आणि आयोगाने 2022 च्या सप्टेंबरात ते पुन्हा स्पष्ट केलं. तो कागदही छापून तिने दिला. त्याने वाचला की नाही, माहीत नाही.

कुकर

घरातली बाजू मी सगळ्यात उशिरा विचारली आणि खरं घोडं तिथेच पेंड खात होतं.

दीड खोलीचं घर. एक टेबल, एक पंखा, उन्हाळ्यात एक कूलर. भावाची दहावी होती, टेबल त्याचं. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं, हिलाही नाही. मधल्या दहा दिवसांचे दोन तास कागदावर साडेनऊला सुरू होत होते. प्रत्यक्षात ती सात-सव्वासातला घरी येऊन स्वयंपाकाला लागायची, आवरता आवरता दहा वाजायचे, आणि टेबलावर भाऊ. मे महिन्यात तर कूलरच्या खोलीत सगळे झोपलेले, दिवा लावायचा नाही, म्हणून ती ओढणीखाली मोबाइलचा टॉर्च धरून वाचायची. नागपूरचा मे, पारा पंचेचाळिशीला, आणि वर ओढणी.

मी विचारलं, "बाबा दिवसभर घरी असतात ना?"

"त्यांच्या पाठीला त्रास आहे सर."

तांदूळ धुऊन कुकर लावायला पाठीचं असं किती काम पडतं, हे मी बोललो नाही. शिक्षकाने कुणाच्या घरात किती शिरावं याची एक हद्द असते. ती हद्द मी पाळली, आणि आता वाटतं की जरा कमी पाळायला हवी होती. तिने स्वतःच विषय काढला, तोही दिवाळीनंतर, 2023 ला. सगळा महिना नको म्हणाली. फक्त 15 ते 24, फक्त संध्याकाळचा वरणभात. वडील रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी कुकर लावला. पहिल्या आठवड्यात डाळ करपली. आता त्यांना शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत. भावाने साडेनऊला टेबल सोडायचं, तेही त्याच दहा दिवसांत.

दहा दिवस मागितले म्हणून मिळाले, असं मला वाटतं. "मला अभ्यासाला वेळ द्या" म्हणाली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि कुणीच काही केलं नसतं.

स्टोअरने शिकवलं, स्टोअरने बुडवलं

हिशेब शिकवणाऱ्याला या मुलीचा एक भाग फार रंजक वाटतो. खातेवही म्हणजे काय हे मला तिला शिकवावंच लागलं नाही. बिन कार्ड तिच्या हाताखालून रोज जात होतं: सुरुवातीची शिल्लक, आवक, जावक, शेवटची शिल्लक. "सर, हे तर बिन कार्डच आहे, फक्त पैशाचं." आधी आलेला माल आधी काढायचा, हे तर ती शरीराने शिकली होती, ऑइल सीलचं रबर जुनं झालं की कडक होतं, म्हणून नवी पेटी मागे, जुनी पुढे. वर्गातली बाकी मुलं ते पाठ करत होती.

आणि तरीही दुसऱ्यांदा दिलेल्या वित्तीय लेखांकनात मालाच्या मूल्यांकनाच्या उदाहरणाचे तिचे गुण गेले. शिल्लक मालाला तिने शेवटच्या बिलाचा भाव लावला होता. "आमच्याकडे तसंच लावतात." आत कुणी विचारलं तर सांगायला भाव हवा म्हणून स्टोअरमध्ये तसं लावत असतील, ताळेबंदाला ते चालत नाही. लेखामानक 2 प्रमाणे आधी आलेला आधी, नाहीतर भारित सरासरी. आणि खर्च नि निव्वळ वसुलीमूल्य (विकून हाती उरेल ती रक्कम) यांत जे कमी ते. एवढं सांगूनही ती वाद घालत बसली, चांगला अर्धा तास. मला तो अर्धा तास आवडला. पेपर तरी निघाला, जून 2023 ला, तेवढा एकच.

नोकरी करणारी मुलं इथे फसतात. जे माहीत आहे ते पुस्तकात काय म्हटलंय ते न बघता लिहून येतात. माहीत नसलेल्या विषयात त्यांना माझ्या मते कमी धोका असतो.

आजवरचा हिशेब

डिसेंबर 2022 ला 4 क्रेडिट. जून 2023 ला 6. डिसेंबरला 12. जून 2024 ला 18 चा बेत होता, रजा गेल्यामुळे 12. डिसेंबर 2024 ला 16, जून 2025 ला 16. तीन वर्षांत 66, बरोबर अर्धे. डिसेंबर 2025 ला दोन पेपर दिलेत, 12 क्रेडिटचे; निकाल यायचा आहे.

दोन्ही निघाले तर उरतात 54. सहा वर्षांची मुदत 2028 च्या मध्याला संपते, तोवर परीक्षा पाच. दर वेळी 12 धरले तर 60. म्हणजे सैल जागा सहा क्रेडिटची, एका पेपरची. एक टायफॉइड, एक रद्द रजा. सहा वर्षं ऐकायला ऐसपैस वाटतात, पण पहिले सहा महिने माझ्या पहाटे चारच्या सल्ल्यात गेले ते या शेवटच्या टोकाला भरून द्यावे लागणार आहेत.

किंमत आणखीही आहे. 2024 मध्ये अकाउंट्सच्या केबिनमध्ये जागा निघाली. पदवी हवी होती. तिच्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मुलाला ती मिळाली. मामेबहिणीच्या लग्नाला ती हळदीला नव्हती, लागायच्या वेळी येऊन गेली, कारण उरलेल्या दोन रजांतली एक वडिलांना मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेण्यात गेली होती. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या पुढच्या रविवारी कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं होतं, "बॅकलॉग घेऊन जा गे मारबत!" (मारबत म्हणजे तान्ह्या पोळ्याला मिरवून जाळायचा पुतळा; घरादारातली पीडा घेऊन जा असं तिला म्हणतात.) सगळे हसले. ती पण हसली, मग म्हणाली की तिची मारबत दरवर्षी रिकाम्या हाताने परत जाते.

तिचा नमुना दुसऱ्यांना तसाच लागू पडत नाही, हेही मी बघितलं. पेट्रोल पंपावरच्या मुलाला महिन्याचा असा मधला भाग नाही. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला आठवडा बघावा लागतो. औषधाच्या दुकानातल्या मुलीला दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. इतवारीतल्या दिवाणजींना दिवाळीआधीचा महिना पूर्ण सोडून द्यावा लागतो, पण श्रावणात त्यांना सवड असते. मी आता नव्या मुलांना वेळापत्रक देत नाही. कॅलेंडरचं पान देतो आणि दोन महिने रेघा मारून आणायला सांगतो. निम्मे आणत नाहीत.

या जानेवारीत ती 2026 चं पान घेऊन आली. रेघा नव्हत्या, नोव्हेंबरावर बोट होतं. लक्ष्मीपूजन 8 ला, रविवारी. "सर, दिवाळीच्या आधी डिस्पॅच, नंतर गावाला गेलेली माणसं उशिरा येतील, म्हणजे ते सगळं काम पंधरा तारखेनंतर पडेल." नोव्हेंबरचे मधले दहा दिवस गेले. डिसेंबरच्या परीक्षेआधीचे नेमके तेच.

मी म्हटलं, "मग कॉस्टिंग डिसेंबरला नको घेऊ."

"जूनला घेते. डिसेंबरला दुसरे दोन. पण मग मार्च एंड?"

आम्ही मार्चचं पान उघडलं.